हराळीचं ग्राउंड

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी उमाशंकरअप्पा धान्याच्या मोंढ्यामागच्या ग्राउंडवर जात. कडेच्या लिंबाखाली चपला काढून ठेवत, पँट घोट्याच्या वर दुमडत आणि एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टपर्यंत अनवाणी चालत. तिथून दोन पावलं बाजूला सरकून परत. तळव्याला खडा लागला की वाकून तो उचलत आणि सदऱ्याच्या खिशात टाकत. डोळ्यांनी खडे शोधत नसत.

"डोळ्याला दिसतो तो खडा काय, कुणीबी उचलतंय," ते म्हणत. "पडणाऱ्या लेकराला लागतो तो बारीक. तो पायालाच कळतो."

आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच. समोर त्यांचं बी-बियाणांचं आणि औषधांचं दुकान, मागे घर. साडेआठच्या सुमाराला भिंतीपलीकडून पत्र्याच्या डब्यात खडे पडल्याचा आवाज आला की माझी आई म्हणायची, अप्पा आले, दूध तापायला ठेव.

अहमदपुरात फुटबॉल कुठून आला, असं लोक विचारायचे. आला तो अप्पांसोबत, नांदेडहून. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी ते तिथल्या कॉलेजात शिकायला होते आणि कॉलेजच्या संघात डाव्या बाजूने बचाव करत. शेवटच्या वर्षी नांदेडच्या एका क्लबचे प्रशिक्षक एसटीने अहमदपूरला आले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि अप्पांच्या वडिलांना म्हणाले, पोरगा आमच्याकडं द्या, पुढं जाईल. वडिलांनी त्यांना चहा पाजला. मग पोराकडे बघून एवढंच म्हणाले, "दुकान कोण बघंल?"

वडिलांना तेव्हा दम्याचा त्रास होता. अप्पा थांबले. "अडवलं न्हाई त्यांनी," अप्पा नंतर कधीतरी सांगत. "नुसतं विचारलं. मीच लाजंनं थांबलो." यापेक्षा जास्त ते त्या गोष्टीबद्दल बोलत नसत.

पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी गावातली दहा-बारा पोरं गोळा करून नवतरुण फुटबॉल क्लब काढला. पोरं तयार होत गेली आणि जात राहिली. एखाद्याचा पाय जरा चालायला लागला की नांदेडचा एखादा क्लब त्याला उचलायचा. नाहीतर लातूर, नाहीतर पुणे. दरवर्षी जूनमध्ये नवी पोरं, नवे बूट, पुन्हा पहिल्यापासून. क्लबचे खजिनदार संगमेश, हार्डवेअरचे दुकानदार, चिडून म्हणत, "अप्पा, आपली निस्ती रोपवाटिका झाली. रोपं आपण करून राहिलाव, अन् मळा दुसऱ्याचा."

"मग मळा करू की," अप्पा म्हणाले.

मळा करणं म्हणजे ग्राउंड करणं. आमच्याकडची माती काळी. पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एका मे महिन्यात भेगेत पाय अडकून एका पोराचा घोटा मोडला, तो परत खेळलाच नाही. चांगला खेळाडू अशा जमिनीवर थांबणार कशाला? मुरूम टाकून बघितला, पोरांचे गुडघे सोलले. विकतची हिरवळ नगरपरिषदेच्या स्वप्नातसुद्धा नव्हती. तेव्हा अप्पांना शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, हराळी आठवली.

ज्यांनी शेती केली नाही त्यांना हराळी म्हणजे दूर्वा, गणपतीच्या डोक्यावरच्या. शेतकऱ्याला मात्र ती वैरी. खणून काढली तरी एका गाठीपासून पुन्हा फुटते. आयाबाया उन्हाळाभर तिच्या मुळ्या वेचतात, उन्हात वाळवतात, जाळतात. तिला जागा असते ती फक्त धुऱ्यावर, कारण तिथं ती माती धरून ठेवते.

अप्पांनी दुकानात आलेल्या शेतकऱ्यांना सांगायला सुरुवात केली, हराळी काढली की जाळू नका, मला आणून द्या.

लोकांना वाटलं थट्टा. एक म्हातारा तणनाशकाची बाटली हातात घेऊन म्हणाला, "अप्पा, हराळी मारायचं औषध तुमीच इकताव, अन् लावायला हराळी तुमीच मागताव. दोनी कडनं धंदा हाय का?"

"औषध तुझ्या रानाला, हराळी माझ्या ग्राउंडला," अप्पा म्हणाले. "पोतंभर आणशील तर चहा पाजतो."

"चहात हराळी न्हाई ना?"

पोत्यांनी हराळी आली. बैलगाडीतून आली, मोटरसायकलच्या मागे बांधून आली. नायगावच्या एका गिऱ्हाइकाने तर एसटीच्या टपावरून पाठवली. अप्पांनी पोरांना बसवून तिच्या बोट-बोटभर कांड्या करायला लावल्या, ओळीत दाबल्या, बोअरचं पाणी दिलं. दोन पावसाळे गेले. मधल्या काळात एका बाजूला प्रेक्षकांसाठी दगडी पायऱ्यांच्या पाच ओळी झाल्या. त्यांच्या भरावात अप्पांच्या डब्यातले खडे गेले. गोलपोस्टला नवी जाळी लागली, कपडे बदलायला पत्र्याची खोली झाली. आणि काळ्या मातीवर हिरवं अंथरूण पडलं. उन्हाळ्यात त्या ग्राउंडला भेग पडली नाही. संध्याकाळी माणसं उगाच तिथं येऊन उभी राहत. चार गावांच्या शिवारात एवढी हराळी जपलेली कुणी पाहिलीच नव्हती.

ते सगळं एका मुलासाठी नव्हतं, पण लोकांना तसं वाटे. त्या मुलाचं नाव सत्यम. अहमदपूरपासून तीन किलोमीटरवरच्या वाडीतला, शेतकऱ्याचा. वडील नव्हते, आई केवळाबाई सात एकर एकटीच्या हिमतीवर करायची. सत्यम बाराव्या वर्षी अप्पांकडे आला तेव्हा त्याच्या पायात स्लिपर होती आणि ती काढून ठेवताना त्याने ती लिंबामागे लपवली होती, कुणी नेऊ नये म्हणून. वीस वर्षांचा झाला तेव्हा पूर्ण मराठवाड्यात त्याच्याइतका चांगला आक्रमक खेळाडू नव्हता, असं अप्पा म्हणत. संगमेशही म्हणत, आणि संगमेश कुणाची स्तुती करत नसत.

गेल्या वर्षी विभागीय लीगवाल्यांनी नवा नियम केला. ज्या क्लबचं ग्राउंड तपासणीत मंजूर होईल त्याचे निम्मे सामने त्याच्याच गावात होतील. बाकीच्यांनी सगळे सामने नांदेडला जाऊन खेळायचे. त्याच सुमारास नांदेडच्या एका मोठ्या क्लबने सत्यमला बोलावलं. राहायला खोली, कॉलेजात प्रवेश, रोजचा सराव. फक्त अहमदपूरच्या क्लबचं ना हरकत पत्र हवं होतं. ते सचिवाच्या सहीशिवाय होत नाही, आणि सचिव होते अप्पा.

सत्यम कोरा अर्ज घेऊन दुकानात आला. काउंटरवर ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "अप्पा, तपासणी दिवाळीनंतर हाय. ग्राउंड मंजूर झालं तर मी हितंच खेळतो. आपल्या लोकांसमोर. न्हाई झालं, तर..."

"तर सही करीन," अप्पा म्हणाले. अर्ज त्यांनी बियाणांच्या पावतीपुस्तकाखाली ठेवून दिला.

घरी त्यांच्या पत्नीने, महादेवीकाकूंनी विचारलं, "नाही म्हणता येत नव्हतं का? तुम्ही घडवलं त्याला."

"अडवून ठेवलेलं पोरगं खेळत न्हाई," अप्पा म्हणाले. "त्याचं मनच हितं अडकलं पायजे. तेवढ्यासाठीच तर हे ग्राउंड."

तपासणीच्या आठवड्यात त्यांना दोन दिवस बाहेर जावं लागलं. एक दिवस लातूरला बियाणं कंपनीची बैठक, दुसऱ्या दिवशी मुरुडला भाच्याचं लग्न. संघ सत्यमसह नांदेडला सामने खेळायला गेलेला. निघण्याआधी केवळाबाई हरभऱ्याचं बी न्यायला दुकानात आल्या होत्या. अप्पा त्यांना सहज म्हणाले, "बाई, गुरुवारी ग्राउंड बघायला माणसं येणार हायेत. चार बायका लावून कडंचे खडे वेचून घेता का? बाभळीची झुडपं आलीत, तेवढी तोडा."

केवळाबाईंनी ते ग्राउंड तोवर पाहिलेलं नव्हतं. पोरगा आठ वर्षं तिथं खेळत होता, पण बाईमाणूस कशाला जाईल फुटबॉलच्या ग्राउंडवर. त्या म्हणाल्या, "चार कामून? मी इर्जिक घालते."

इर्जिक म्हणजे एकाच्या रानात सगळ्यांनी मिळून, पैसा न घेता, काम उरकून द्यायचं. ज्याचं रान, त्याने जेवण घालायचं. जेवण मी घालते, म्हणाल्या केवळाबाई. माझ्या लेकराचं रान हाय ते.

मंगळवारी सकाळी वाडीतल्या बावीस बाया खुरपी घेऊन ग्राउंडवर आल्या. तासाभरात खडे वेचून झाले, झुडपं तोडून झाली. मग त्यांनी मधल्या रानाकडे पाहिलं.

पुढे काय झालं ते मला त्यांच्यातल्याच एकीने सांगितलं. ती म्हणाली, आम्हाला लाज वाटली. एवढ्या मोठ्या माणसाचं रान अन् अशी हराळी माजलेली. बघायला माणसं येणार, काय म्हणतील? बायकांनी पदर खोचले आणि ओळीने बसल्या. संध्याकाळपर्यंत अर्धं ग्राउंड झालं. दुसऱ्या दिवशी उरलेलं. पाणी दिलेलं होतं त्यामुळे मुळ्या लांबच लांब निघत होत्या, आणि लांब मुळी निघाली की बायका एकमेकींना दाखवत होत्या. दुपारी केवळाबाईंनी घरची बैलजोडी आणून वखर फिरवला, राहिलेल्या गाठी वर याव्यात म्हणून. गाणी म्हणत म्हणत काम उरकलं. महादेवीकाकूंनी घरून ताकाची घागर पाठवली. त्यांना वाटलं, खडे वेचणं चाललंय.

बुधवारी चारच्या सुमारास अप्पा मुरुडहून आले आणि घरी न जाता तसेच ग्राउंडवर गेले.

काळंभोर रान होतं. पेरणीला तयार. कडेला हराळीचे ढीग लागले होते आणि लिंबाच्या सावलीत बावीस बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. केवळाबाई उठून पुढे आल्या. हात मनगटापर्यंत काळे.

"अप्पा, एक काडी ठेवली न्हाई," त्या म्हणाल्या.

अप्पा उभे राहिले. किती वेळ, ते प्रत्येक बाई वेगवेगळं सांगते. मग त्यांनी चपला काढल्या आणि त्या बायांच्या पंगतीला जाऊन बसले.

"मला वाढता का," ते म्हणाले. "लग्नातलं जेवण काय अंगी लागलं न्हाई."

त्यांना भाकरी, पिठलं, ठेचा वाढला. ते सगळं जेवले. उठताना केवळाबाईंना हात जोडून म्हणाले, "बाई, लई काम केलंव. एवढं कुणी करत न्हाई." बाया खुशीत घरी गेल्या. ढिगातली हराळी तेवढी जाळू नका, एवढंच अप्पांनी सांगितलं. संध्याकाळी त्यांनी एकट्याने ते ढीग लिंबाखाली ओढून नेले, पोत्यांनी झाकले आणि वरून पाणी मारलं.

गुरुवारी तपासणीला तिघं आले. पायऱ्या बघितल्या, खोली बघितली, जाळी ओढून बघितली. मग काळ्या रानात उभं राहून एकाने विचारलं, "गवत कुठं आहे?" अप्पांनी सांगितलं, होतं, निघालं. कसं निघालं ते सांगितलं नाही. यंदा मंजुरी नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असा शेरा पडला.

रात्रीतून गावाने ज्याची त्याची गोष्ट तयार केली. शुक्रवारी क्लबची बैठक दुकानातच झाली. संगमेश बसायच्या आधीच बोलले, "अप्पा, साधं गणित हाय. ग्राउंड नामंजूर झालं की सत्यम मोकळा. अन् उपटलं कुणी? सत्यमच्या माईनं. कुणाला उमजत न्हाई व्हय?"

सत्यम दारात उभा होता. नांदेडहून सकाळीच आला होता. त्याचं तोंड उतरलं.

"संगमेश," अप्पा म्हणाले, "तुझ्या आयुष्यात हराळी उपटलीस का कधी?"

"मी कशाला उपटतो? माझं दुकान हाय."

"म्हणून असं बोलतोस. उपटून बघ एक वाफा, मग सांग कुणी दोन दिवस लबाडीनं उपटंल का."

बैठक तिथंच संपली. सगळे गेल्यावर सत्यम आत आला. उभ्यानेच म्हणाला, "अप्पा, अर्ज फाडून टाका. मी जात न्हाई. मायनं केलं ते मी भरतो. जल्मभर हितंच खेळतो."

महादेवीकाकू आतल्या दारात होत्या. त्यांनी मला सांगितलं, त्या क्षणी त्यांना हायसं वाटलं. पोरगा राहिला. पंधरा वर्षं ज्यासाठी जीव काढला ते आपोआप हातात आलं होतं. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

अप्पांनी पावतीपुस्तक हलवलं, अर्ज काढला.

"तुला खेळायला कुठं आवडंल?" त्यांनी विचारलं. "माय बाजूला ठेव. मला बाजूला ठेव. सांग."

सत्यम काउंटरची कड नखाने खरवडत राहिला.

"हितं, का तिथं?"

"तिथं," सत्यम म्हणाला. ते ऐकू येईल इतपतच होतं.

अप्पांनी खिशातलं पेन काढून सही केली. क्लबचा शिक्का उमटेना, म्हणून तोंडाची वाफ देऊन पुन्हा मारला. "लाजंनं थांबलेला माणूस रोज सकाळी उठून थांबत असतो," ते म्हणाले. "एकदा थांबून भागत न्हाई. तू जा. मायला मी बघतो."

मायला खरं काय ते सत्यमनेच सांगितलं. केवळाबाई दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या, काउंटरसमोर खाली बसल्या आणि डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. "जेवताना तरी बोलायचं होतं, अप्पा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातची भाकर खाल्लाव अन् गप बसलाव."

"भाकर चांगली होती," अप्पा म्हणाले.

"आता काय करायचं?"

"हराळी मेली न्हाई अजून. लिंबाखाली ओली ठेवलीय. तुमाला ऊस लावायला येतो ना? तसं लावायचं."

केवळाबाईंनी पुन्हा इर्जिक घातली. त्याच बावीस बाया, तीच खुरपी. आयुष्यभर जी मुळी उपटली ती बोटाने मातीत दाबताना त्यांना हसू येत होतं. एक म्हणाली, "हे आमच्या घरी सांगू नका बरं का, नवरा म्हणंल बायकू बिघडली." अप्पा ओळींच्या मधून पाण्याचा पाइप ओढत फिरत होते. यावेळी जेवण त्यांनी घातलं. काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या.

हिवाळाभर हराळी रुसून बसली. उन्हाळ्यात भेगा पडल्या, पण आधीसारख्या नाहीत. पाऊस झाला आणि ती चारी बाजूंनी पळत सुटली. नांदेडला सत्यम पहिल्या अकरा जणांत खेळायला लागला होता. त्याच्या सामन्यांचे व्हिडिओ अप्पा दुकानात, गिऱ्हाइकाला बाटली देता देता, काउंटरवर मोबाइल उभा करून बघत. त्याचा गोल झाला की गिऱ्हाइकालाही दाखवत. जून महिन्यात क्लबमध्ये सतरा नवी पोरं आली. त्यांतली चार केवळाबाईंच्या वाडीची होती. जुन्यांपैकी यंदा कुणी गेलं नाही. संगमेश म्हणत, यंदा कुणाला बोलावणंच आलं नाही. अप्पा म्हणत, बोलावणी आली होती दोघांना.

पोळ्याच्या दिवशी अप्पा गेले. वय अठ्ठावन्न. सकाळी, ग्राउंडवरच, दगडी पायऱ्यांच्या पहिल्या ओळीत बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. त्यांच्या लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, कपाळाला विभूती लावून, बेलाची पानं वाहून मातीत ठेवलं. त्या दिवशी केवळाबाईंच्या बैलांच्या शिंगांना रंग लागलेला होता, पण मिरवणुकीत त्या त्यांना घेऊन गेल्या नाहीत. चार दिवसांनी महादेवीकाकूंनी त्यांचा सदरा धुवायला काढला तेव्हा खिशात तीन खडे होते. काकूंनी ते पत्र्याच्या डब्यात टाकले. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू आलं.

यंदाची तपासणी दिवाळीनंतर आहे.

पोळ्याच्या त्या सकाळी सत्यम नांदेडहून पहिल्या एसटीने आला होता. घरी जायच्या आधी तो ग्राउंडवर गेला. अप्पांच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, ते पायऱ्यांवर टेकले होते. सत्यम नवे बूट घालून कडेला उभा राहिला. हिरव्यागार ग्राउंडकडे बघत राहिला. मग त्याने बूट काढले आणि एका गोलपोस्टपासून चालायला लागला. मध्यावर पोचण्याआधीच त्याला काहीतरी टोचलं. वाकून त्याने ते उचललं आणि फेकायला हात उगारला. पायऱ्यांवरून अप्पांनी हाक दिली,

"कडंला फेकू नको रे, पाऊस आला की परत मधी येतंय. खिशात टाक."